दादासाहेबांचे शेवटचे चित्र

हल्लीचे विज्ञानपट पाहून आलेली मुले शेवट कळला नाही म्हणून हिरमुसतात. दादासाहेब फाळक्यांच्या पदरी निराशा आली ती मात्र ज्याचा शेवट आबालवृद्धांना ठाऊक होता, अशा चित्रामुळे.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा शास्त्रीबुवांचा मुलगा मुंबईत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीतला वाटाणा दिवसचे दिवस थोडाथोडा टिपला आणि पडद्यावर पाहता पाहता त्याचा वेल केला. ते पाहूनच भांडवल देणारा राजी झाला. 'लंकादहन' (१९१७), 'कालियामर्दन' (१९१९) यांतले चमत्कार म्हणजे त्या वाटाण्याचेच वंशज म्हणावेत!

पुढे बोलपट आले. कोल्हापुरात दादासाहेबांनी 'गंगावतरण' (१९३७) काढले. तो त्यांचा एकमेव बोलपट. गाणगापुरी भीमा-अमरजेच्या संगमात बुडी मारून येणाऱ्या बीदर-कलबुर्गीकडच्या आपल्या घरांना भगीरथाची कथा का सांगायला हवी? चमत्कार याही चित्रात होते. पण प्रेक्षकांचे डोळे निवले होते. आता कान भुकेले होते. चित्राला अपेक्षित यश लाभले नाही. दादासाहेबांनी पुन्हा चित्र काढले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात ते निवर्तले.