आयस्लर आणि रूममेटचा मग

परवा रूमवर कॉपरक्लॅडवर मार्करने ट्रॅक काढून बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये टाकला. उघडं तांबं विरघळलं, शाईखालचं राहिलं. (रूममेटचा मग कायमचा पिवळा!) ही वाट पॉल आयस्लरची. जन्म व्हिएन्नात, १९०७. १९३० ला इंजिनिअर झाला, पण ज्यू. तिथे नोकरी मिळेना. छपाईतलं काम शिकला आणि १९३६ ला इंग्लंडला निसटला. लंडनच्या भाड्याच्या खोलीत त्याने रेडिओचं सर्किट चक्क छापलं! कंपनीने वाटेला लावलं, का तर वायरिंग करणाऱ्या मुली स्वस्त पडतात. १९४० ला ब्रिटिशांनी शत्रुदेशाचा म्हणून कोंडलंसुद्धा. सुटल्यावर एका छापखान्याच्या करारावर नीट न वाचताच सही ठोकली (आपण तरी कुठे वाचतो?) आणि शोधाचे हक्क हातचे गेले. पेटंटचा अर्ज १९४३ चा. पुढे युद्धात अमेरिकेने छापील सर्किट तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये वापरलं. आयस्लर १९९२ ला लंडनमध्येच वारला.