शाळेला पैसे कोण द्यायचं?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. माझी लेक सहावीत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला शाळेत तिचं भाषण होतं. शेणगोळे, चिखल, पिशवीतलं दुसरं लुगडं... सगळं पाठ झालं होतं. पोळ्या लाटता लाटता मी ऐकत होते. मध्येच थांबून तिने विचारलं, आई, सावित्रीबाईंच्या शाळेला पैसे कोण द्यायचं गं?

मला उत्तर देता आलं नाही. आणि खरं सांगू, त्या दिवसांत हा प्रश्न मला जरा बोचलाच.

भाईंदर पूर्वेला एका भाड्याच्या गाळ्यात आम्ही सहाजणी कापडी पिशव्या शिवतो. आजूबाजूला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, त्यामुळे दिवसभर कानात घरघर. धंदा सुरू केला तेव्हाच ठरवलं होतं, गल्लीतल्या ज्या मुलींचं शिक्षण पैशांपायी अडेल त्यांच्या फीला हातभार लावायचा. चार मुली होत्या. पण त्या वर्षी दोन दुकानदारांकडे उधारी अडकली, गाळ्याचं भाडं थकलं. यंदा मुलींचं राहू दे, असं मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात हा प्रश्न!

मग वाचनालयातून जोतिराव फुल्यांचं चरित्र आणलं. महात्मा फुले म्हणजे समाजसुधारक, एवढंच आपल्याला माहीत. पण ते चांगले व्यावसायिकही होते, हे मला पन्नाशी जवळ आली तेव्हा कळलं!

जोतिराव १८२७ सालचे. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय, म्हणून फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच गेली. लोकांचं ऐकून वडिलांनी, गोविंदरावांनी, मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातलं. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी समजावलं म्हणून १८४१ मध्ये तो पुन्हा शाळेत गेला. कुणीतरी मध्ये पडलं म्हणून शिकायला मिळालं, हे ते बहुधा कधीच विसरले नसावेत.

१८४८ मध्ये बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. घर सोडावं लागलं. ती पहिली शाळा काही महिन्यांतच बंद पडली, हे आपल्या भाषणांत कधी येत नाही. १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात त्यांनी पुन्हा सुरुवात केली, मग रास्ता पेठ, वेताळ पेठ. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतिरावांचा सत्कारही झाला.

पैसे? मुख्यतः वर्गणी आणि देणगी. काही आपल्या लोकांची, काही इंग्रजांची, थोडी सरकारी मदत. पण १८५७चा उठाव झाला आणि देणग्या आटल्या, सरकारचाही हात आखडला. समितीत मतभेद झाले ते वेगळेच. १८५८च्या सुमारास जोतिराव त्या शाळांच्या कारभारातून बाहेर पडले.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले. एवढे शेणगोळे झेलून उभं केलेलं काम! शिव्याशापांना ते दोघं पुरून उरले, पण पैशाचा झरा दुसऱ्याच्या हातात होता.

पुढे जोतिराव धंद्यात चांगलेच उतरले. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याची विक्री केली. बांधकामाची कंत्राटं घेतली. येरवड्याच्या पुलाला दगड-चुना पुरवला, खडकवासल्याच्या धरणाच्या कामातही त्यांचा वाटा होता. मांजरीला जमीन घेऊन पाटाच्या पाण्यावर शेती केली. कंत्राटदार म्हणून मजुरांचे हाल आणि खात्यातली लाचलुचपत त्यांनी जवळून पाहिली. ते बघून गप्प बसले नाहीत, त्यावर लिहिलं.

आणि कमाई कुठे गेली? १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी तिथे गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं तर ठेवून जावं. त्या बायकांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी निस्तरली. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. १८७७च्या दुष्काळात उपाशी पोरांसाठी अन्नछत्रं चालवली. घरात आलेल्याला पान वाढायचंच, हा सावित्रीबाईंचा शिरस्ता. नवऱ्याच्या मिळकतीतून समाजाचा संसार चालवणाऱ्या त्या माउलीचा हिशेब कुणी मांडला असेल का?

शेवट मात्र वाचवत नाही. १८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला, तर डाव्या हाताने पुस्तक लिहिलं. घरात पैशांची चणचण. मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी शब्द टाकावा लागला. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. कधीकाळी धरणाचं काम करणारा माणूस, आणि गाठीला काही नाही.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, मग यातून शिकायचं काय? धंदा करा आणि सगळं वाटून मोकळे व्हा? नाही. तेवढं मोठं काळीज माझ्याकडे नाही आणि सहाजणींचे संसार माझ्या भरवशावर आहेत. पण एक गोष्ट मनात पक्की झाली. मी मुलींची फी उरलेल्या पैशांतून देत होते. उरलं तर द्यायचं, म्हणजे तीही एक देणगीच! मंदी आली की पहिली कात्री तिलाच.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात वही उघडली. सहाजणी बसलो. एका पिशवीचा खर्च मांडताना कापड, दोरा, शिलाई, वीज, भाडं यांच्या खाली आणखी एक ओळ घातली, मुलींची फी. पिशवीमागे एक रुपया. भाव ठरवतानाच तो धरायचा, नफा नंतर मोजायचा. आमच्यातली एक, जी स्वतः चौथीत शाळा सुटलेली, म्हणाली, ताई, ही ओळ लाल पेनाने लिहा, म्हणजे कुणी खोडणार नाही.

एका गिऱ्हाइकाने रुपयासाठी कटकट केली, एक तर तुटलंच. उधारी अजून पुरती वसूल झालेली नाही. चारऐवजी तीनच मुलींची फी भरता आली. चौथीचं नाव वहीत तसंच आहे, पुढच्या जूनसाठी.

लेकीने ३ जानेवारीला भाषण केलं. शेवटी तिने स्वतःचं एक वाक्य घातलं होतं. शाळेला पैसे लागतात आणि ते कुणीतरी कमवावे लागतात, असं काहीसं. टाळ्या बेताच्याच पडल्या. मी मात्र मागच्या बाकावर बसून डोळे पुसत होते.