कान आणि काटा

१९२०च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईत ट्राम आणि व्हिक्टोरियांचे राज्य असताना, एक पारशी तरुण बुगाटी मोटार भरधाव हाकत असे. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जेआरडी. आज त्यांचे नाव निघाले की विमान आठवते, कारखाने आठवतात. मला मात्र त्यांच्या डाव्या पायाखालचा क्लच आठवतो.

त्या बुगाटीत सिंक्रोमेश नव्हते. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायची, क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडी सरकवायची. इंजिनाचा सूर चुकला की दाते करकरणार! हे सारे कानाने आणि तळहाताने ओळखायचे. आता घरातला मुलगा नवी गाडी आणतो तेव्हा काट्याशेजारी एक बाण उमटतो आणि वरचा गिअर टाकायला सांगतो. वेगाच्या शौकिनांच्या गाड्यांत तर इंजिनाचे फेरे मर्यादेला भिडले की लाल दिवे लुकलुकतात. बाण पेट्रोल वाचवतो, दिवा इंजिन वाचवतो. मग कान हवा कशाला?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४चा, पॅरिसचा. आई सुझान फ्रेंच. सुटीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या आर्देलोच्या किनाऱ्यावर जाई. तिथे शेजारी कोण, तर १९०९मध्ये इंग्लिश खाडी उडून पार करणारे लुई ब्लेरिओ. पंधराव्या वर्षी जहांगीर पहिल्यांदा विमानात बसला आणि यंत्राचे वेड कायमचे जडले. १९२५मध्ये टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवारी सुरू झाली, पुढच्याच वर्षी वडील गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला.

पण कान तयार असला म्हणजे रस्ता आपल्या मालकीचा होत नाही. बुगाटी बेफाम हाकल्याचा आरोप आला आणि जॅक विकाजी या वकिलांकडे धाव घ्यावी लागली. त्यांची पुतणी थेल्मा हिच्याशी डिसेंबर १९३०मध्ये जेआरडींचे लग्न झाले, म्हणून तो खटला कौतुकाने सांगितला जातो. मला त्यात कौतुक वाटत नाही. गिअर अचूक पडतो या भरवशावर माणूस वेगाचे भान विसरतो, आणि रस्त्यावर लोक चालत असतात.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून पुस मॉथ विमानात २५ किलो टपाल घेऊन ते एकटेच निघाले. रेडिओ नाही, जमिनीवरून वाट दाखवणारे कोणी नाही, समोर मोजकीच उपकरणे. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले! दुपारी जुहूला विमान उतरले. एकच इंजिन, ते धडधडते आहे ना, हे वाटभर कानानेच ऐकायचे.

गंमत अशी की याच माणसाच्या हातून काट्यांवर चालणारे जग उभे राहिले. १९३८मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस लंडनला झेपावले. ढगात शिरल्यावर विमान सरळ आहे की कलले, हे सांगताना वैमानिकाचे शरीर बेधडक खोटे बोलते. तिथे काट्यावरच विश्वास ठेवावा लागतो, अनुभव कितीही असो.

जमिनीवर हिशेब वेगळा. १९५४मध्ये जेआरडींच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. टाटांच्या चासीवरच्या एसटीने मी बँकेच्या कामासाठी जव्हारहून मोखाड्यामार्गे त्र्यंबककडे किती वेळा गेलो असेन! घाटात ड्रायव्हरची नजर वळणावर असे, काट्यावर नव्हे. इंजिन धापा टाकण्याआधीच हात खालच्या गिअरवर जाई. उतारावर तोच गिअर गाडी धरून ठेवी, म्हणून ब्रेक तापत नसत. पुढे वळण आहे हे बाणाला कुठे दिसते? तो झाल्या फेऱ्यांचा हिशेब देतो. तरीही मुलाने तो बंद करावा असे मी म्हणणार नाही. आजची इंजिने इतकी मुकी, काचा इतक्या घट्ट, की नवशिक्याला ऐकू तरी काय येणार? महिनाभर बाण पाहावा, त्या क्षणी आवाज कसा होता ते लक्षात ठेवावे. मग घाटात नजर रस्त्यावरच ठेवावी.

जेआरडी एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून १९७८मध्ये दूर झाले. चार वर्षांनी, त्या पहिल्या टपालफेरीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ या जुन्या, एका इंजिनाच्या विमानात बसले आणि कराचीहून पुन्हा एकटे जुहूला आले.