सहा ठिपक्यांचे शिक्षक

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे गावी झाला. खोगिरे शिवणाऱ्या वडिलांची आरी तिसऱ्या वर्षी डोळ्यात घुसली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत पंधराव्या वर्षीच त्यांनी सहा ठिपक्यांच्या लिपीला आकार दिला. तेथेच ते शिक्षक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याच शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली नव्हती. ती १८५४ मध्ये स्वीकारली. फ्रेंचला गरज नसलेला ‘डब्ल्यू’ इंग्रजीसाठी मागाहून आला. १९५१ च्या भारती ब्रेलमध्ये मराठी ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ यांची खूण एकच आहे. श्रीगोंद्याच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यालाही इंग्रजीचा आरंभ बोटांच्या परिचयातील ठिपक्यांनी करता येतो. स्पेलिंगे मात्र डोळसांइतकीच पाठ करावी लागतात.