कमला सोहोनी : गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचलेले संशोधन

देगलूर, मुखेड, उदगीर या पट्ट्यातील खरिपाचा हिशेब तूर, मूग आणि उडीद यांना वगळून मांडता येत नाही. येथील घराघरात रोज डाळ शिजते; परंतु त्या डाळीतील प्रथिनांपैकी शरीराच्या खरोखर किती उपयोगी पडतात, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. हा प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन त्यासाठी आयुष्याचा मोठा भाग वेचणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

इंदूरच्या भागवत कुटुंबात १९११ मध्ये त्यांचा जन्म झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेचे विद्यार्थी. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो केवळ अर्जदार स्त्री आहे म्हणून फेटाळला. कमलाबाईंनी बंगळूर गाठले आणि संचालकांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह आरंभला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, काम पडल्यास रात्रीही थांबायचे आणि पुरुष सहकाऱ्यांच्या कामात व्यत्यय येऊ द्यायचा नाही. या अटी त्यांनी मान्य केल्या, मात्र तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही जाहीर व्यासपीठावरून त्यांनी तो बोलून दाखविला. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळविली व त्या केंब्रिजला गेल्या. नोबेलविजेते हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत प्रथम रिश्टर यांच्यासमवेत त्यांनी प्राण्यांच्या शरीरातील विकरांचा अभ्यास केला. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांचे लक्ष बटाट्याकडे वळले. पेशीच्या श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारे 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन वनस्पतींच्या ऊतींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. श्वास घेण्याची मूळ रासायनिक यंत्रणा प्राणी आणि वनस्पती यांत सारखीच आहे, या समजुतीला त्यामुळे बळ मिळाले. अवघ्या १४ महिन्यांत, सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा असा प्रवास करीत, १९४७ मधील विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. येथे त्यांनी पुन्हा डाळी-कडधान्ये हाती घेतली. अनेक कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडविणारे घटक असतात. त्यामुळे पोटात गेलेली प्रथिनेही पुरती पचत नाहीत. वालातील असा घटक स्फटिकरूपात वेगळा करण्यात कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्याला यश आले व हे संशोधन १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. यातील बरेचसे घटक उष्णतेने निष्प्रभ होतात. कडधान्य चांगले शिजवूनच खाण्याच्या आपल्या घरोघरच्या रीतीमागचे एक शास्त्रीय कारण ते हेच.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवरही काम केले. शिंदी आणि ताडी यांचेच नाव अधिक ठाऊक असलेल्या समाजात, न आंबलेला हा रस जीवनसत्त्वे आणि लोह यांचा स्वस्त स्रोत आहे, हे त्यांनी दाखविले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा आढळली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले.

इतके होऊनही संस्थेचे संचालकपद त्यांना अंतर्गत राजकारणामुळे तब्बल चार वर्षे उशिरा मिळाले. बंगळूरच्या दारात ऐन विशीत सुरू झालेली प्रतीक्षा मुंबईत पन्नाशीतही चुकली नाही. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात त्या रमल्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या. अन्नातील भेसळ आणि ग्राहकाची फसवणूक यांवर सामान्य वाचकाला कळेल असे लेखन त्यांनी केले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले.