उशाखालचा अकिलीस

रात्री माणूस उशाशी काय घेऊन झोपतो, यावरून त्याची बरीच ओळख पटते. कुणी किल्ल्यांचा जुडगा ठेवतो, कुणी जपमाळ, कुणी औषधाची डबी. मॅसेडोनियाचा राजा अलेक्झांडर, म्हणजे शाळेच्या इतिहासात आपल्याला भेटलेला सिकंदर, उशाखाली दोन वस्तू ठेवी, असे चरित्रकार प्लूटार्क सांगतो. एक खंजीर आणि दुसरे होमरचे 'इलियड'. तेही त्याचे गुरू अरिस्टॉटल यांनी तपासून दिलेले!

अलेक्झांडरचा जन्म इ. स. पूर्व ३५६ मधला. आई ऑलिंपियास हिच्या माहेरचे घराणे स्वतःला 'इलियड'चा नायक अकिलीस याचे वंशज म्हणवी. लहानपणी त्याला सांभाळणारा एक शिक्षक तर त्याला लाडाने अकिलीसच म्हणे. ज्या पोराला पाळण्यापासून असे नाव चिकटले, त्याने पुढे दुसरे काय व्हावे?

या अकिलीसपुढे दोन वाटा होत्या. ट्रॉयला लढलास तर तरुणपणी मरशील, पण कीर्ती अमर होईल. घरी परतलास तर दीर्घायुषी होशील, पण नाव उरणार नाही. त्याने पहिली वाट धरली. ग्रीक महाकाव्यातल्या वीरपुरुषाचा साचा तो हाच. मात्र 'इलियड' काही विजयाची गोष्ट नाही. लाकडी घोडासुद्धा त्यात नाही. सेनापतीने अपमान केला म्हणून अकिलीस रुसून तंबूत बसतो, तिथून ती सुरू होते. मग त्याचा जिवलग मित्र पेट्रोक्लस हेक्टरच्या हातून मरतो. संतापलेला अकिलीस हेक्टरला मारून त्याचे प्रेत रथामागे फरफटवतो. आणि चोविसाव्या, शेवटच्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत येऊन मुलाचे प्रेत मागतो. त्याला पाहून अकिलीसला घरी वाट पाहणारा स्वतःचा बाप आठवतो. दोघेही रडतात. प्रेत परत दिले जाते आणि हेक्टरच्या अंत्यविधीपाशी काव्य संपते.

अलेक्झांडरने हे सारे वाचले होते. इ. स. पूर्व ३३४ मध्ये तो आशियात उतरला, तो आधी ट्रॉयला गेला. त्याने अकिलीसच्या थडग्यावर फुले वाहिली, मित्र हेफेस्टियनने पेट्रोक्लसच्या. तिथल्या अथेनाच्या मंदिरातली ट्रॉयच्या युद्धातली म्हणून जपलेली शस्त्रे त्याने बरोबर घेतली, आपले चिलखत तिथे ठेवले.

पुढे पुस्तक आणि आयुष्य यांतली सीमारेषा पुसट होत गेली. इ. स. पूर्व ३३२ मध्ये गाझा दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर पडले. तेव्हा तिथला अधिकारी बॅटिस याला त्याने रथाला बांधून फरफटवले, असे रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो. हेक्टर निदान मेलेला तरी होता. बॅटिस जिवंत होता!

पण माणूस एकरंगी नसतो. इराणचा सम्राट दारियस त्याच्याच माणसांकडून मारला गेला, तेव्हा अलेक्झांडरने शत्रूचे प्रेत राजेशाही इतमामाने दफनासाठी पाठवले. झेलमकाठी हरवलेल्या पोरसला त्याचे राज्य परत दिले. अशा वेळी तो शेवटच्या सर्गाच्या उंबरठ्यावर उभा असे. दुर्दैवाने तिथे तो फार काळ थांबला नाही. इ. स. पूर्व ३२८ मध्ये समरकंदला मद्याच्या भरात त्याने क्लायटसला भाला मारला. सहा वर्षांपूर्वी याच क्लायटसने रणात त्याचा जीव वाचवला होता. मग तीन दिवस अन्नपाणी सोडून तो पडून राहिला. इ. स. पूर्व ३२६ मध्ये बियासच्या काठी थकलेल्या सैनिकांनी पुढे यायला नकार दिला, तेव्हाही तो अकिलीससारखाच रुसून तंबूत जाऊन बसला.

इ. स. पूर्व ३२४ मध्ये हेफेस्टियन तापाने गेला. पेट्रोक्लससाठी अकिलीसने केस कापले होते. अलेक्झांडरने स्वतःचे तर कापलेच, घोड्यांची आयाळही कापायला लावली. पुढे डोंगरी कोसियन लोकांवर स्वारी करून त्याने जी कत्तल केली, ती मित्राच्या आत्म्याला वाहिलेली आहुती मानली गेली. ज्यांनी होमरचे नावही ऐकले नसेल, अशांनी त्या दुःखाची किंमत मोजली.

माझे आयुष्य बँकेत खतावण्या तपासण्यात गेले. जमेच्या बाजूला कितीही मोठा आकडा दिसला, तरी नजर आधी नावेच्या बाजूकडे जाते. सिकंदराची जमा सारे जग पाठ म्हणते. होमरने मात्र दोन्ही बाजू मांडल्या होत्या. 'ओडिसी'त तर मेलेल्या अकिलीसचा आत्मा मृतांचे राजेपण नाकारतो. त्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी करत जगणे त्याला बरे वाटते.

इ. स. पूर्व ३२३ च्या जूनमध्ये बॅबिलोनला अलेक्झांडर तापाने गेला. तेहतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. बायको रोक्सानाच्या पोटात मूल होते. आई ऑलिंपियास जिवंत होती आणि अकरा वर्षांत मायलेकांची भेट नव्हती. अकिलीसला म्हाताऱ्या प्रायमकडे पाहून घरचा बाप आठवला होता. सतत उशाखाली असलेल्या पुस्तकातले ते एक पान अलेक्झांडरला त्या शेवटच्या दिवसांत आठवले असेल का?