निवडुंगाच्या माळावरची शाळा

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी कऱ्हाड, ताकारी मागे टाकून पुढे आली की किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. कारखानदाराच्या आडनावाचे रेल्वे स्थानक आपल्याकडे विरळाच. पूर्वी या स्थानकाचे नाव कुंडल रोड होते आणि भोवताली होता नुसता निवडुंगाचा माळ. मुलूख औंध संस्थानचा. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांवर सातारकर आणि सांगलीकर दोघेही हक्क सांगतात, आणि दोघांचाही खरा आहे.

लक्ष्मणरावांचे नाव घरोघरी माहीत आहे. नांगर, पंप, इंजिने सगळ्यांना आठवतात. मला मात्र गेले काही दिवस वेगळाच प्रश्न पडला आहे. कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजाची पायरी न चढलेला हा माणूस यंत्रविद्या शिकला कसा?

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ती. पोराचे लक्ष पोथीत नाही, चित्रांत आणि यंत्रांत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, तेव्हा कळले की आपल्याला सगळे रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणावर याहून मोठा घाव कोणता? पण रंग गेले तरी रेषा उरली होती. ते यांत्रिक रेखाचित्रे शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

खरे शिक्षण तिथे सुरू झाले. संस्थेत परदेशी यंत्रे होती, वाचनालय होते, अमेरिकेतून येणारी यंत्रविद्येची मासिके होती. लक्ष्मणराव ती वाचीत, यंत्रांजवळ जाऊन पडताळून पाहत, हात काळे करून घेत. कारखान्यांची सूचिपत्रे ही त्यांची क्रमिक पुस्तके. कागदावरचे चित्र वाचता येणे आणि ते चित्र लोखंडात उतरवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्यांनी तिथेच ओळखले असावे.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावचा रस्ता धरला. तिथे थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान होते. १८८८ साली लागलेली ती किर्लोस्कर ब्रदर्सची पाटी. सायकल विकायची, दुरुस्त करायची, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची. त्या दुकानातून हळूहळू कडबा कापायचे यंत्र निघाले आणि मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे चरित्रांत एका ओळीत संपतात. घर चालवणाऱ्याला ती एकेक दिवस मोजून काढावी लागतात.

त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला लावली. भट्टी, लेथ, माणसे घेऊन जायचे कुठे? औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, त्यांच्या मदतीला आले. त्यांनी कुंडलजवळची बत्तीस एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले.

मी बँकेत आयुष्य काढले. लघुउद्योगांच्या कर्जाची प्रकरणे तपासणे हेच काम. हे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर काय दिसले असते, याचा विचार करून पाहतो. अर्जदाराकडे पदवी नाही. मालाला गिऱ्हाईक जवळजवळ नाही. जुनी जागा गेलेली, नवी जागा साप-निवडुंगांची. तारण म्हणावे असे काही नाही. कोणत्याही बँकेच्या नियमात बसणार नाही असे हे कर्ज. बाळासाहेबांनी मात्र कागद न बघता माणूस बघितला. हे राजाला परवडते, बँकेला परवडत नाही, हे खरे. पण कुणालाच परवडले नसते तर किर्लोस्करवाडी झाली नसती, हेही तितकेच खरे.

१० मार्च १९१० रोजी माळावर काम सुरू झाले. पंचवीसेक कामगार, त्यांची कुटुंबे आणि विंचू-साप. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी केली. शंभुराव जांभेकरांनी यंत्रे सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक इंजिनिअर झाले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेली माणसे वसाहतीची राखणदार झाली आणि विश्वासाला जागली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. जो स्वतः चुकतमाकत शिकला, त्याला दुसऱ्याच्या प्रमाणपत्राची फारशी मातब्बरी वाटत नव्हती.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. नांगर गावोगाव पोचवणाऱ्यांत भाऊराव पाटील नावाचा एक धडपडा तरुण होता. साताऱ्यात पुढे त्यांनीच रयत शिक्षण संस्था वाढवली. १९२० साली कंपनीची नोंदणी झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले, तेव्हा माळावर गाव उभे होते.

आता हे सगळे आजच का आठवले ते सांगतो. आमच्या ओळखीतली एक मुलगी सांगलीत इंजिनिअरिंग शिकते. ती घरच्या साध्या संगणकावर इलेक्ट्रॉनिक चिपचा आराखडा करायला शिकते आहे, तोही ॲनालॉग चिपचा. डिजिटलमध्ये शून्य किंवा एक, असा रोखठोक व्यवहार असतो. ॲनालॉगमध्ये आवाज, उष्णता, प्रकाश यांचे कमी-जास्त होणारे संकेत जसेच्या तसे सांभाळायचे. तापमान थोडे वाढले, शेजारचे दोन ट्रान्झिस्टर किंचित वेगळे निघाले, की गणित बिघडते. ही विद्या भट्टीजवळच्या कारागिरीसारखी आहे. सूत्र पाठ करून येत नाही, हात बसावा लागतो.

या कामाची व्यावसायिक साधने फार महाग. पण तिची साधने फुकट आहेत. मंडल कसे वागेल हे आधीच गणिताने दाखवणारा स्पाइस हा प्रोग्राम अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात १९७०च्या दशकात तयार झाला. प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांनी तो कुलपात ठेवला नाही, मागेल त्याला दिला. आजचा एनजीस्पाइस त्याचाच वंशज. सिलिकॉनवरचे थर रेखाटणारा मॅजिक हा प्रोग्रामही बर्कलेचाच, १९८०च्या दशकातला. २०२० साली गूगल आणि स्कायवॉटर या कंपन्यांनी १३० नॅनोमीटरच्या चिपनिर्मितीचे नियम सर्वांसाठी खुले केले. पूर्वी ते गुप्ततेचा करार केल्याशिवाय पाहायलाही मिळत नसत. लक्ष्मणरावांच्या वाचनालयातली मासिके आता घराघरांत आली, असेच म्हणायचे.

पण पुस्तक उघडले म्हणजे भट्टी पेटली असे नव्हे. अशा हौशी आराखड्यांच्या चिप बनवून देणारी एफेबलेस ही अमेरिकन कंपनी २०२५ साली बंद पडली आणि जगभरच्या शिकाऊ मंडळींचे काम अडले. चित्रे खुली राहिली, ती सिलिकॉनवर उतरवण्याची वाट अडली. मग काहींनी जर्मनीतल्या आयएचपी संस्थेच्या खुल्या नियमांकडे मोर्चा वळवला. जागा गेली म्हणून काम थांबवायचे नसते, हा बेळगावचा धडा त्यांना कुणी न सांगता उमगला.

त्या मुलीचे आईवडील मला विचारतात, याचा नोकरीला उपयोग होईल का? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना पहिल्या सहा नांगरांची गोष्ट सांगतो आणि त्या दोन वर्षांचीही. शिकणाऱ्याने आपली रेषा सोडू नये, एवढेच त्याच्या हाती असते. माळाची जमीन आणि बिनव्याजी दहा हजार हे दुसऱ्या कुणाच्या हाती असते. आज ज्ञानाचे दार इतके सताड उघडे असताना, साताऱ्या-सांगलीच्या मुलांना औंध कुठे सापडणार, हा प्रश्न आता मुलांनी नाही, आपण मोठ्यांनी सोडवायचा आहे.